ओ.एस., ई.डी., एच.पी. : मॉडेल विमानांच्या जुन्या इंजिनांची नावं

प्रश्न:
जुन्या मॉडेल इंजिनांची यादी चाळताना दोन-दोन अक्षरी नावं फार दिसतात. ओ.एस., ई.डी., एच.पी., के अँड बी. ही आद्याक्षरं कुणाची? एच.पी. म्हणजे हॉर्सपॉवर असावं, माझी मजल एवढीच. आणि मधूनच फ्रॉग, फॉक्स, टायगर कुठून येतात?

उत्तर:
ताई, एच.पी.तच गोम आहे. हिर्टेनबेर्ग हे ऑस्ट्रियातलं गाव, तिथे काडतुसांचा जुना कारखाना. काडतुसाला जर्मनमध्ये ‘पात्रोने’ म्हणतात. त्या कारखान्याच्या नावातले एच आणि पी इंजिनावर आले. अश्वशक्तीचा संबंध नाही.

ओ.एस. ऐकायला तांत्रिक वाटतं, पण तो माणूस आहे: ओसाकाचे शिगेओ ओगावा. १९३६ साली त्यांनी इंजिनं बनवायला सुरुवात केली. जपानी रीतीने आडनाव आधी, म्हणून ओ.एस.; नाहीतर एस.ओ. झालं असतं. दुसरं जपानी नाव एन्या, तेही आडनावच.

ई.डी.चं बरोबर उलटं. वाटतात एखाद्या साहेबाची आद्याक्षरं, पण ते आहे ‘इलेक्ट्रॉनिक डेव्हलपमेंट्स (सरे) लिमिटेड’. नाव इलेक्ट्रॉनिक, आणि गाजली कशासाठी, तर विजेची ठिणगीसुद्धा लागत नाही अशा डिझेल इंजिनांसाठी!

शंका:
डिझेल? म्हणजे पंपावरचं घालायचं?

उत्तर:
छे, मुळीच नाही. ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण. दाबाने तापून आपोआप पेटतं, म्हणून डिझेल म्हणायचं. सिलिंडरच्या डोक्यावर एक स्क्रू असतो, तो पिळून दाब कमी-जास्त करतात. काटेकोर माणसं या नावावर आक्षेप घेतात, कारण खऱ्या डिझेल इंजिनात हवा दाबून झाल्यावर इंधन फवारतात, इथे ते हवेत मिसळूनच आत येतं. आक्षेप बरोबर आहे. पण मैदानावर सगळे डिझेलच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार.

पुरवणी:
प्राण्यांचं राहिलं. फॉक्स हा कोल्हा नव्हे, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातले ड्यूक फॉक्स. तिकडे आडनावांचीच चलती: मॅकॉय, डूलिंग, ब्राऊन ज्युनियर. के अँड बी म्हणजे केडिंग आणि ब्रॉडबेक. इटलीतल्या बोलोन्याचा ‘सुपर तिग्रे’ मात्र खरा वाघ. इटालियन शब्द आहे, ‘टायगर’ वाचू नये. आणि इंग्लंडचा ऑलिव्हर टायगर अर्धा माणूस, अर्धा वाघ. नरसिंहाचा धाकटा भाऊच म्हणा.

फ्रॉगची फोड नेहमी अशी देतात: ‘फ्लाइज राइट ऑफ द ग्राउंड’, थेट जमिनीवरून उडतं. ही १९३०च्या दशकातली ब्रिटिश खेळणी-विमानं, रबराच्या पिळावर चालणारी. इंजिनं पुष्कळ नंतर आली. मला तरी वाटतं, बेडूक आधी सुचला आणि अक्षरांना अर्थ मागून चिकटवला. ‘द’ला जागाच नाही, बघा ना.

असं लघुरूप प्रामाणिकपणे केलंय ते चेक लोकांनी. एम.व्ही.व्ही.एस. म्हणजे ब्रनोमधलं मॉडेलिंगचं संशोधन आणि विकास केंद्र. सरकारी फायलीवर शोभेल असं नाव, इंजिनं मात्र स्पर्धा जिंकणारी. इंग्लंडचं पी.ए.डब्ल्यू. हेही तसंच: प्रोग्रेस एरो वर्क्स.

शंका:
कॉक्सच्या इंजिनांवर ‘थिंबल ड्रोम’ असतं ते काय?

उत्तर:
कॅलिफोर्नियाचे लेरॉय कॉक्स आधी खेळण्यातल्या रेसच्या गाड्या बनवायचे, त्यांचं हे नाव. थिंबल म्हणजे शिवणकामातलं अंगुस्तान. ड्रोम म्हणजे धावण्याची जागा, एरोड्रोममधलाच. अंगुस्तानाएवढं शर्यतीचं मैदान! पुढे इंजिनं आली, पण नाव तेच राहिलं. त्यातलं ‘बेब बी’ प्रसिद्ध: .०४९ घन इंच, म्हणजे साधारण ०.८ सीसी. हा आकडा विचित्र वाटतो, पण ‘हाफ ए’ या स्पर्धावर्गाची मर्यादा .०५० होती, तिच्या जरासं आत राहायचं होतं. ‘बी’ म्हणजे मधमाशी, ई.डी.नेही आपल्या १ सीसीच्या इंजिनाला हेच नाव दिलं होतं, तेही कॉक्सच्या आधी. ‘पी वी’ म्हणजे पिटुकलं, .०२०चं. आणि ‘टी डी’ ही थिंबल ड्रोमचीच आद्याक्षरं, फक्त इंग्रजीत उच्चाराप्रमाणे लांबवून शब्दासारखी लिहिलेली. देवनागरीत ती करामत दिसतच नाही.