प्रति: १६१९ हे वर्ष पुरेसे आहे का?
१६१९ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीत पॉइंट कम्फर्टला आफ्रिकन माणसे उतरवली गेली आणि गुलामगिरी तेव्हापासूनच पूर्ण रूपात अस्तित्वात होती, असे शिकवावे, असा मुद्दा या चर्चेत वर मांडला आहे. आरंभ म्हणून ते वर्ष मला मान्य आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास ही व्यवस्था निवाड्यांनी आणि कायद्यांनी टप्प्याटप्प्याने उभारली गेली, हे मुलांच्या लक्षातच येत नाही.

त्यासाठी मी आठवीच्या वर्गात व्हर्जिनियातला १६४० सालचा एक निवाडा घेते. ह्यू ग्विन या मालकाचे तीन नोकर शेजारच्या मेरीलँड वसाहतीत पळाले आणि पकडले गेले. मी आधी एवढेच सांगून शिक्षा मुलांना ठरवायला लावते, आणि मुले तिघांनाही सारखीच शिक्षा देतात. प्रत्यक्षात तिघांनाही तीस-तीस फटके मिळाले खरे, पण एक डच आणि एक स्कॉटिश अशा दोघांची चाकरी चार वर्षांनी वाढवली गेली, तर जॉन पंच या कृष्णवर्णीय नोकराला जन्मभराची चाकरी फर्मावली गेली. हे वाचून दाखवल्यावर वर्ग गप्प होतो, आणि पहिला प्रश्न बहुधा ‘पण का?’ हाच असतो. त्यानंतर १६६२ चा कायदा समजावणे सोपे जाते: इंग्रजी रिवाजानुसार मुलाचा दर्जा बापावरून ठरत असे, व्हर्जिनियाने तो आईवरून ठरवला, आणि त्यामुळे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेले मूलही जन्मतःच गुलाम ठरले.