मदत हवी आहे: वारेच्या रिपोर्टमधल्या ‘सिन्सिशिअल नॉट्स’ म्हणजे काय?

नमस्कार. मला बारावा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. पहिल्या वेळी सगळं सुरळीत चाललं होतं. बत्तिसाव्या आठवड्यात एकदम पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. तपासलं तर बीपी 160/110 आणि लघवीतून प्रथिनं जातायत. पुढच्याच आठवड्यात सिझर. मुलगी 1,380 ग्रॅमची झाली. आता ती साडेतीन वर्षांची आहे आणि दिवसभर अंगणात पळत असते, तेवढं देवाने चांगलं केलं.

तेव्हा वार तपासायला लॅबमध्ये पाठवली होती. रिपोर्ट आला तो मी फाईलला लावून टाकला, कोणी समजावून सांगितला नाही. या वेळी नाव नोंदवायला गेले तेव्हा नवीन डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू केली. बाहेर बायकांची रांग लागलेली, त्यामुळे मला काही विचारताच आलं नाही.

रिपोर्टमध्ये चार गोष्टी आहेत. वजन 270 ग्रॅम, महिन्यांच्या मानाने कमी. दोन ठिकाणी इन्फार्क्ट. सिन्सिशिअल नॉट्स वाढलेल्या. आईकडच्या धमन्यांत अपेक्षित बदल नाही.

मी कॉमर्सवाली. नेटवर शोधलं तर ‘ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयात घुसतात’ असं वाचलं आणि घाबरून फोन ठेवून दिला. घुसतात म्हणजे कॅन्सरसारखं काही आहे का? या पेशी माझ्या की बाळाच्या? बाळाच्या असतील तर बीपी माझं का वाढलं?

शिवाय सासूबाई आजही म्हणतात, सातव्या महिन्यात पाण्याचे हंडे उचललेस म्हणून असं झालं. त्या मायेनेच बोलतात, पण ते मनातून जात नाही. कोणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद (मेडिकल कॉलेजात शरीररचनाशास्त्र शिकवते)

ताई, हंड्यांचा विषय आधी संपवू. तुमच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि त्या धमन्यांचं काम विसाव्या आठवड्याच्या आसपास आटोपलेलं असतं. सातव्या महिन्यात तुम्ही हंडा उचलला काय किंवा पलंगावर पडून राहिलात काय, त्यात काहीच बदललं नसतं.

आता पेशी. गर्भ पाच-सहा दिवसांचा असतो तेव्हा तो पाण्याने भरलेल्या बारीक फुग्यासारखा दिसतो. आतला छोटा पुंजका म्हणजे पुढचं बाळ. बाहेरचं आवरण म्हणजे ट्रोफोब्लास्ट, म्हणजे पुढची वार. शरीरातली ही पहिली वाटणी. म्हणून वार मुख्यतः बाळाची असते, तुमची नाही. तिच्यातली निम्मी जनुकं वडिलांकडून आलेली असतात.

फुगा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटला की या पेशींच्या वाटा फुटतात. मूळच्या पेशींना सायटोट्रोफोब्लास्ट म्हणतात. त्या विभागत राहतात, वारेचं बियाणंच समजा. त्यांच्यातल्या काही एकमेकींत विरघळतात, मधल्या भिंती जातात आणि सलग एकच थर तयार होतो, सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट. पूर्ण दिवसांच्या वारेत हा थर दहा-बारा चौरस मीटर पसरलेला असतो, एखाद्या खोलीच्या फरशीएवढा. त्यात अब्जावधी केंद्रकं, पण भिंत कुठेच नाही. तुमचं रक्त या थराच्या बाहेरून वाहतं, बाळाचं आतल्या केशवाहिन्यांतून. प्राणवायू आणि साखर इथूनच पलीकडे जाते. प्रेग्नन्सी टेस्टच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटवणारं एचसीजीही हाच थर बनवतो.

या पेशी एकमेकींत मिसळतात कशा, हे मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मलाच नवल वाटतं. त्यासाठी सिन्सिटिन नावाचं प्रथिन लागतं, आणि त्याचं जनुक मूळचं विषाणूचं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी एक रेट्रोव्हायरस आपल्या पूर्वजांच्या जनुकांत शिरला आणि कायमचा राहिला. पेशीत शिरायला तो जे प्रथिन वापरायचा, तेच आज वारेच्या पेशींना जोडतं. हे 2000 मध्ये उघड झालं.

सलग थरातली केंद्रकं विभागत नाहीत. खालून नवीन पेशी येऊन मिसळतात, जुनी केंद्रकं एका जागी गोळा होतात. त्या पुंजक्याला सिन्सिशिअल नॉट म्हणतात. म्हणजे त्या गाठी कॅन्सरच्या नव्हेत. दिवस भरत आले की प्रत्येक वारेत त्या दिसतातच. तेहतिसाव्या आठवड्यातच जास्त दिसल्या, याचा अर्थ रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे वार वेळेआधी म्हातारी झाली.

तिसरी वाट ‘घुसणाऱ्या’ पेशींची. वडाच्या काही पारंब्या जमिनीत रुततात, बाकीच्या हवेत लोंबतात, तसे वारेचे काही अंकुर गर्भाशयाला धरून असतात आणि बाकीचे तुमच्या रक्तात तरंगतात. रुतलेल्या अंकुरांच्या टोकांवरून पेशी सुटतात आणि तुमच्या नागमोडी धमन्यांपर्यंत जातात. आधी त्या धमन्यांच्या तोंडाशी बूच बसवतात. त्यामुळे पहिले दहाएक आठवडे वारेत आईचं रक्त फारसं येतच नाही. कमी प्राणवायूत कोवळा गर्भ सुरक्षित राहतो आणि अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर पोसला जातो. पुढे बूच सुटतं. तोवर या पेशींनी धमन्यांच्या भिंतीतले स्नायू काढून त्या सैल आणि रुंद केलेल्या असतात. कॅन्सरशी फरक इथेच आहे. या पेशी ठरलेल्या खोलीवर थांबतात, पुढे विभागत नाहीत. आईच्या रोगप्रतिकारक पेशींशीही त्यांचं जमतं, गर्भाशयातल्या एनके पेशी तर या कामात हातभार लावतात.

हे रुंदीकरण अर्धवट राहिलं तर काय होतं? पाटाने पाणी सोडणं वेगळं आणि पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून सोडणं वेगळं. अरुंद धमनीतून रक्त जोरात, पिचकारीसारखं येतं आणि अंकुरांना इजा होते. काही भाग रक्ताविना मरतो, तोच तुमचा इन्फार्क्ट. दुखावलेला थर मग तुमच्या रक्तात एसफ्लट-1 नावाचं प्रथिन जास्त सोडतो. रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवणारे घटक ते पकडून ठेवतं. परिणाम तुमच्या मूत्रपिंडावर, बीपीवर, डोक्यावर. वार बाळाची आणि दुखणं आईचं, ते असं.

प्रतिसाद (प्रसूतिगृहात सिस्टर, एकोणीस वर्षं)

मॅडमनी छान सांगितलंय. वार पडली की आम्ही ती ट्रेमध्ये उलटी-सुलटी करून बघतो. बाळाकडची बाजू चकचकीत, निळसर, नाळेपासून शिरा फुटलेल्या. आईकडची गडद लाल, पंधरा-वीस फोडींची. एखादी फोड आत राहिली तर रक्तस्राव होतो, म्हणून मोजून बघायचं. पूर्ण दिवसांची वार साधारण अर्धा किलो भरते. बीपीच्या बाईची बऱ्याचदा लहान असते, हाताला मधेच घट्ट पांढुरका भाग लागतो. आई विचारते, ‘माझं काय चुकलं?’ मी सांगते, काही नाही गं, ट्रेमध्ये आहे ते कारण.

गोळी मनाने बंद करू नका. बीपीचं मशीन घरी आणा. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे आले किंवा छातीखाली उजवीकडे दुखलं तर रात्र काढू नका, लगेच निघा.

धागाकर्ती

तुम्हा दोघींचे आभार मानायला शब्द नाहीत. सासूबाईंना पारंबीचं उदाहरण वाचून दाखवलं. त्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, आमच्या वेळी वार परसात पुरायचे, कोणी उलटून बघितलीच नाही.

एक शंका राहिली. अ‍ॅस्पिरिनने धमन्या रुंद होतात का?

प्रतिसाद (शरीररचनाशास्त्र)

तेवढं सरळ नाही. रक्तातल्या चकत्या, म्हणजे प्लेटलेट्स, एकमेकींना चिकटणं ती कमी करते, वारेकडचा प्रवाह सुधारायला मदत होते असं मानतात. उपयोग मात्र मोजलेला आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोखीम असलेल्या 1,776 स्त्रियांपैकी निम्म्यांना अकरा ते चौदाव्या आठवड्यापासून छत्तिसाव्यापर्यंत रात्री 150 मिलिग्रॅम दिली. सदतीस आठवड्यांआधीचा प्रीक्लॅम्पसिया, म्हणजे तुम्हाला झालेला हा बीपी आणि लघवीतल्या प्रथिनांचा आजार, 4.3 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला. पूर्ण खात्री नाही, पण फरक मोठा आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती वेळेवर सुरू केली. पुढच्या सोनोग्राफीत ‘गर्भाशयाच्या धमन्यांचा डॉपलर करणार का’ एवढं विचारा. रुंदीकरण कसं झालंय याचा अंदाज त्यातून येतो.

या पेशींचा अभ्यास आता कुठे वेग घेतोय. 2018 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठात माणसाच्या ट्रोफोब्लास्टच्या मूळपेशी पहिल्यांदा बशीत टिकवता आल्या. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये वारेचे इवलेसे गोळे वाढवले, आणि त्यांच्या द्रवात प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी बुडवली तर ती पॉझिटिव्ह आली.

धागाकर्ती

सोनोग्राफी मंगळवारी आहे. डॉपलरचं कागदावर लिहून ठेवलंय, म्हणजे रांग असली तरी विसरणार नाही. सिस्टर, या वेळीही वार तपासायला पाठवायची असेल तर आधी कोणाला सांगून ठेवायचं?

प्रतिसाद (सिस्टर)

डॉक्टरांना सांगून फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, ‘वार लॅबला पाठवणे’. रात्रपाळीची सिस्टर तेच पान आधी बघते. जुना रिपोर्टही त्यालाच टाचून ठेवा.