यंदा मांडव भरलाय!

दुधीची कोवळी फळं पिवळी पडून गळतात असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडेही दोन वर्षं हेच चाललं होतं. यंदा मात्र परसातल्या मांडवाला दृष्ट लागेल असं पीक आलंय. दुधी तर आहेतच, दोडकेही रोज तीन-चार उतरतात.

बदल एकच केला, परागीकरण हाताने. दुधी आणि दोडक्याची फुलं दिवस कलल्यावर उमलतात, तोवर मधमाश्यांची वर्दळ थांबलेली असते. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि देठाशी इवलासा दुधी असलेल्या मादी फुलात ते हलकेच टेकवायचं. फळ धरलं की चार दिवसांत फुगायला लागतं. त्यावरची पांढरी लव बोटाला इतकी मऊ लागते की रोज सकाळी चहा घेऊन मी आधी मांडवाखालीच जाते. कारल्याला मात्र हे सकाळीच करा, त्याची फुलं पहाटे उमलतात.

फळमाशीसाठी क्यू ल्युरचा (नर माश्यांना गंधाने ओढून अडकवणारा) कामगंध सापळा फुलं दिसताच टांगा, फळं किडल्यावर नको.

आणि दोडक्याच्या शिरा टाकू नका हं! तीळ, सुकं खोबरं घालून खमंग चटणी होते. कालच शेजारी तीन घरी पोचवली.