मदत हवी आहे: सीएसआर-ए उडवलं तरी साल्मोनेलाची घुसखोरी कमीच का?

नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टमध्ये चांगलाच अडकलोय.

साल्मोनेला टायफीम्युरियम या आतड्याच्या पेशींत घुसणाऱ्या जिवाणूमधलं सीएसआर-ए हे प्रथिन. जेमतेम 61 अमिनो आम्लांचं, जोडीने राहणारं. एम-आरएनएवर (ज्या निरोपावरून प्रथिन बनतं) 'जीजीए' ही तीन अक्षरं दिसली की तिथे चिकटतं. हिल-डी या प्रथिनाच्या एम-आरएनएवर ही जागा नेमकी रायबोसोम (प्रथिन बनवणारं यंत्र) बसतो तिथे आहे. हे आधी जाऊन बसलं की रायबोसोमला वावच नाही, आणि हिल-डी नाही तर आतड्याच्या पेशीत शिरायची यंत्रणा उभी राहत नाही. इथवर कळलं.

मग माझा साधा हिशेब: सीएसआर-एचं जनुक उडवलं की हिल-डी मोकळं, घुसखोरी वाढणार. जेंटामायसिन या प्रतिजैविकाने बाहेरचे जिवाणू मारले, पेशी फोडून आतले मोजले, तर म्युटंट (जनुक उडवलेला वाण) मूळ वाणापेक्षा कितीतरी कमी! तीनदा केलं. 2000 सालच्या एका पेपरातही तेच: प्रथिन नसलं तरी घुसखोरी कमी, जास्त झालं तरी कमी. सरांना विचारलं तर म्हणाले, "विचार कर." करतोय, पण सेमिनार पुढच्या आठवड्यात आहे.

आणखी एक. म्युटंटच्या कॉलनी टाचणीच्या टोकाएवढ्या येतात. परवा त्यांत एकच मस्त टपोरी आली. पुढच्या वेळी तीच घेऊ का?

पेट्रीताई:
ती टपोरी अजिबात घेऊ नकोस! सीएसआर-ए नसलं की कर्बाच्या चयापचयाचा पार बोजवारा उडतो, म्हणून बाकीच्या खुरटल्यात. तिच्यात बहुतेक दुसरं म्युटेशन होऊन ती सावरलीय. तिच्यावर काढलेला आकडा नेमका कशाचा, ते कुणालाच सांगता येणार नाही.

आता मूळ प्रश्न. तू सीएसआर-एला नुसता ब्रेक समजतोयस. ई. कोलायमध्ये हेच प्रथिन एफएलएच-डीसीच्या, म्हणजे फ्लॅजेलाच्या (पोहायच्या शेपट्यांच्या) मुख्य कळीच्या, एम-आरएनएवर बसून त्याला आरएनेज-ई या एन्झाइमच्या कात्रीपासून वाचवतं. साल्मोनेलातही ते गेलं की फ्लॅजेलाची जनुकं मंदावतात. त्याच गटातलं फ्लि-झेड हे प्रथिन हिल-डीला बळ देतं, म्हणजे तोही आधार गेला. तुझा म्युटंट पोहतो तरी का? 0.3 टक्के मऊ अगरवर ठिपका देऊन बघ.

सेमिनारसाठी उलट बाजू मांड. सीएसआर-बी आणि सीएसआर-सी हे दोन छोटे आरएनए सीएसआर-एला धरून ठेवतात. एकटं सीएसआर-बी सीएसआर-एच्या नऊएक जोड्या अडकवतं. हे दोन्ही उडवले की सगळं सीएसआर-ए सुटून हिल-डीवर बसतं आणि घुसखोरी घटते. तिथे तुझा हिशेब जुळेल.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार! अगर उद्याच ओततो. मग टपोरी फेकून देऊ?

पेट्रीताई:
अरे, फेकतोस काय! ग्लिसरॉल घालून उणे 80 ला ठेव, आणि तारीख नीट लिही.