फोन कुणाच्या हातात होता? गावाकडच्या ऑनलाइन शाळेचे अनुभव

जून २०२० मध्ये राज्यातल्या शाळांचं वर्ष सुरू झालं, पण करोनामुळे वर्गांना कुलूपच होतं. त्या दोन वर्षांबद्दल खूप लिहिलं गेलंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळांसोबत वाचनाचं काम करते. मला जाणवतं की त्यातलं बरंचसं लिखाण शहरात बसून झालेलं आहे.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी अहवालासाठी २०२० मध्ये झालेल्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हेच प्रमाण ३६.५ टक्के होतं. बैठकांमध्ये हा आकडा आनंदाने सांगितला जातो. पण पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं साधारण एक तृतीयांशच होती. घरात फोन आला, मग अभ्यास कुठे अडला? हे त्या घरांतलीच माणसं सांगू शकतात, म्हणून हा धागा.

लिहिताना तीन गोष्टी जरूर लिहा. फोन कुणाचा होता, मुलाच्या हातात किती वाजता यायचा, आणि तेव्हा शेजारी कोण बसायचं. शाळेचं किंवा माणसांचं नाव नको, तालुका पुरे.

जि. प. शिक्षिका, धडगाव तालुका

आमचं गाव एका जागी नाही. सातपुड्यात विखुरलेले पाडे आहेत. एका पाड्यावरून दुसऱ्यावर जायचं तर नाला उतरून पुन्हा चढण. रेंज फक्त वरच्या सोंडेवर. कुठल्या दगडापाशी फोन लागतो हे गुरं चारणाऱ्या पोरांना बरोबर ठाऊक असायचं. अभ्यासमालेच्या, म्हणजे शिक्षण विभागाच्या ऑनलाइन धड्यांच्या, लिंका रोज व्हॉट्सॲपवर यायच्या, पण माझ्या वर्गातल्या बहुतेक पालकांकडे बटणांचा फोन.

मग आम्ही मेमरी कार्डाकडे वळलो. बटणांच्या फोनमध्येही कार्ड बसतं, गाणी ऐकायला ते जवळजवळ प्रत्येकाकडे असतंच. पाड्यावरची बारावी झालेली एक मुलगी पावरीत, म्हणजे पोरांच्या घरच्या बोलीत, गोष्टी आणि गणितं सांगायची, तेच मी मराठीत सांगायचे, आणि दोन्ही आम्ही एकामागोमाग रेकॉर्ड करायचो. बाजार पुन्हा भरू लागले तेव्हा मोबाईल दुरुस्तीवाला कार्ड भरून द्यायचा. पहिलीतल्या पोरांच्या कानावर घरी मराठी पडतच नाही. व्हिडिओतल्या ताई भराभर बोलत, मुलं चित्रं बघून हसत आणि उठून जात. आपल्या बोलीतला आवाज आला की मात्र तीच मुलं फोनला मोठ्याने उत्तरं द्यायची. हे मी त्यांच्या उंबऱ्यात बसून पाहिलंय.

दिवाळीनंतर माणसं गुजरातेत ऊसतोडीला आणि बांधकामावर गेली, फोन त्यांच्याबरोबर गेले. पाड्यावर राहिले म्हातारे आणि मुलं. मग मी पाड्यापाड्यावर जाऊनच शिकवलं. मी नसेन तेव्हा ती बारावीची मुलगी सकाळी पोरं गोळा करून बसायची. तिला कुठूनही मानधन मिळालं नाही. अशा तरुण मुलामुलींना त्या वर्षी पगार दिला असता, तर टॅबवर खर्च केलेल्या पैशांपेक्षा जास्त शिकणं झालं असतं, असं माझं ठाम मत आहे.

तेव्हाचा दहावीचा विद्यार्थी, मंडणगड तालुका

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. माड-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची कौलं उडाली, विजेचे खांब रस्त्यात पडले. त्यानंतर कित्येक आठवडे गावात वीज नव्हती आणि टॉवरही बंद. आमची ऑनलाइन शाळा सुरू झाली ती त्याच महिन्यात.

फोन बाबांचा, ते मुंबईहून गावी आले होते. गावात एकाने जनरेटर आणला, तिथे चार्जिंगसाठी रांग लागायची. चार्ज झालेला फोन घेऊन टेकडीवर गेलं की वर्गाचे सगळे मेसेज एकदम येऊन पडायचे. आधी कुठला वाचायचा तेच कळायचं नाही. शेवटी सरांनी हाताने लिहिलेल्या पानांच्या झेरॉक्स काढून दूधवाल्याबरोबर वाडीवाडीत पाठवायला सुरुवात केली. माझा खरा अभ्यास त्या झेरॉक्सवर झाला.

२०२१ ची दहावीची परीक्षा रद्द झाली. निम्मे गुण नववीचे आणि निम्मे दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे धरले. टक्के चांगले पडले, पण बीजगणित अर्धंच झालंय हे मला माहीत होतं. विज्ञान शाखा घ्यायची फार इच्छा होती, ती घेतली नाही.

ऊसतोड कुटुंबातली मुलगी, धारूर तालुका

मी तेव्हा नववीत. एरवी आईअण्णा कारखान्यावर गेले की आम्ही भावंडं हंगामी वसतिगृहात राहायचो. त्या वर्षी ते बंद होतं. आजी थकलेली, म्हणून आम्ही सगळेच टोळीबरोबर गेलो.

स्मार्टफोन एकच, अण्णांचा. गाडी भरायला मुकादम रात्री दोनलाही बोलावतो, म्हणून बॅटरी त्याच्या कॉलसाठी राखून ठेवायची. कोपीत, म्हणजे आमच्या तात्पुरत्या झोपडीत, लाईट नाही, चार्जिंग ट्रॅक्टरवाल्याकडे. वर्ग सकाळी दहाला. तेव्हा मी फडात मोळ्या बांधत असायचे नाहीतर धाकट्याला सांभाळत असायचे. रात्री फोन हातात यायचा, डेटाही शिल्लक असायचा, पण डोळे उघडे राहायचे नाहीत.

आमच्या मॅडमनी हे ओळखलं. त्या रात्री जेवणाच्या वेळेला साधा फोन लावायच्या. पाच-दहा मिनिटं बोलायच्या, एक गणित तोंडी घालायच्या, इंग्रजीची दोन वाक्यं म्हणून घ्यायच्या. अण्णा स्पीकर चालू करायचे, आई भाकरी थापता थापता ऐकायची. पुढे आईच विचारायला लागली, आज मॅडमचा फोन कसा नाही आला.

मी आता नर्सिंग करतेय. टोळीत माझ्याबरोबर आलेल्या दोन मैत्रिणींची लग्नं त्या हंगामानंतर झाली. त्यांच्या शाळेतून कुणाचा फोन येत नव्हता. तेवढ्यामुळेच लग्नं झाली असं मी म्हणणार नाही, पण त्यांची आठवण आली की हेच डोक्यात येतं.

आई, माण तालुका

आमच्याकडे फोनपेक्षा टीव्हीचा उपयोग झाला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं, पहिली ते आठवीसाठी. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली. रिचार्जचा खर्च नाही, फोनसाठी भांडणं नाहीत. घरातल्याच वस्तू घेऊन काहीतरी करायला सांगायचे, त्यामुळे मलाही मुलाबरोबर बसता यायचं. माझं शिक्षण सातवीपर्यंतच, तरी कडधान्यं मांडून बेरजा करायला मला जमलं. लाईट गेली की तो भाग गेला, एवढीच अडचण. शेजारची दोन पोरं आमच्याच घरात बसून बघायची.

धागाकर्ती

इथवरच्या चारही अनुभवांत ऑनलाइन थेट वर्ग कुणाच्याच कामी आलेला नाही. कामी आलं ते मेमरी कार्ड, झेरॉक्स, साधा फोन आणि दूरदर्शन. नागपूर विभागात आकाशवाणीवर 'शाळेबाहेरची शाळा' चालायची, ती ऐकलेल्यांनी नक्की लिहा. आणि शाळा उघडल्यानंतरचे अनुभवही येऊ द्या, कारण ऑनलाइन शिक्षण २०२२ मध्ये संपलेलं नाही.

कॉलेज विद्यार्थिनी, सत्तरी, गोवा

गोवा लहान, सगळीकडे नेटवर्क असेल असं लोकांना वाटतं. आमच्या वाड्यावर तेव्हा नव्हतं. रस्त्याच्या एका वळणावर, काजूच्या बागेपाशी दोन काड्या यायच्या. पावसात छत्री धरून, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर्ग ऐकायचो. मुलगे संध्याकाळी उशिरापर्यंत तिथे थांबायचे. आम्हा मुलींना काळोख पडायच्या आत घरी यावं लागायचं, त्यामुळे असाईनमेंट अपलोड करणं राहून जायचं. मग माझा दादा कामावरून आल्यावर सोबतीला येऊन उभा राहायला लागला. ज्यांना असा दादा नव्हता त्यांचे गुण कमी झाले. कॉलेजने मुदत दिवसा संपेल अशी ठेवली असती तरी पुष्कळ फरक पडला असता.

निवृत्त केंद्रप्रमुख, सोलापूर जिल्हा

आमच्या जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा ऊर भरून आला. बक्षीस दहा लाख डॉलरचं, त्यातलं निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटलं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमागे त्यांचं काम आहे. कोड स्कॅन केला की 'दीक्षा' या सरकारी शिक्षण ॲपवर तो धडा उघडतो. चांगल्या रेंजमध्ये, जाणत्या शिक्षकाच्या हातात ही फार उपयोगी गोष्ट आहे.

पण केंद्रप्रमुख म्हणून मी रोज काय करत होतो, तर आज किती मुलं ऑनलाइन आणि किती ऑफलाइन, याची लिंक शिक्षकांकडून भरून घेत होतो. त्यातच शिक्षकांना 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या करोनाच्या घरोघरच्या सर्वेक्षणाची कामं. शिक्षकाचा अर्धा दिवस माहिती भरण्यात जायचा. एका शिक्षिकेने मला सरळ सांगितलं, सर, लिंक भरते तेवढ्या वेळात दोन घरी जाऊन येईन. मी म्हटलं, जा. लिंक मी भरतो.

सोलापुरात नीलमनगरला एका शाळेने वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले होते. कामगार वस्ती आहे ती. मुलं येता-जाता भिंतीपाशी थांबून वाचायची. ते बघून आम्हीही दोन वस्त्यांवर पाढे आणि इंग्रजी शब्द रंगवून घेतले, रंगाचे पैसे ग्रामस्थांनी दिले.

न्यू जर्सीहून

माझं माहेर खानदेशातलं. शाळा उघडल्यानंतर तिथल्या एका शाळेत व्हिडिओ कॉलवर इंग्रजी बोलायला शिकवायला लागले. हिवाळ्यात इथे शुक्रवारचे रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे शनिवारची सकाळची शाळा असते, सकाळचे आठ. मला आणि मुलांना, दोघांनाही ही वेळ सोयीची.

पहिलं वर्ष फार सुंदर गेलं. त्याचं श्रेय वर्गातल्या सरांना. मी शनिवारी जे घ्यायचे ते सर आठवडाभर मुलांकडून म्हणून घ्यायचे, कोण गप्प राहतं ते मला आधी सांगून ठेवायचे, पडद्यासमोर आळीपाळीने मुलं उभी करायचे. पुढे त्यांची बदली झाली. नवीन शिक्षकांकडे दोन वर्ग, शिवाय ऑफिसचं काम. कॉल लागायचा, मुलं दिसायची, पण मागच्या शनिवारचं कुणालाच आठवत नसे. काही महिन्यांनी ते बंद पडलं. आता पुन्हा सुरू करायचंय. या खेपेला गावातल्या एखाद्या तरुणीला मानधन देऊन वर्गात बसवावं असं मनात आहे. धडगावच्या ताईंनी वर जे लिहिलंय ते वाचून तर मी हे पक्कं ठरवलंय.

मुख्याध्यापक, जि. प. शाळा, जालना जिल्हा

टॅब, प्रोजेक्टर, मोठा टीव्ही हे सगळं लोकवर्गणीतून उभं राहतं. गाव वस्तू घ्यायला पैसे देतं, कारण वस्तू दिसते, तिच्यावर नाव घालता येतं. वीजबिलाला वर्गणी कोण देणार? आमच्या शाळेचं बिल थकलं आणि कनेक्शन तोडलं गेलं. नवा कोरा टीव्ही भिंतीवर होता, आणि मुलं त्याखाली बसून पाटीवर लिहीत होती. सादिलचा, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाचा, निधी वेळेवर येत नाही. आला तरी खडू, झाडू, फिनेल यांतच संपतो. काही महिने आम्ही शिक्षकांनी खिशातून बिल भरलं.

शेवटी शाळा व्यवस्थापन समितीत मी स्पष्ट मांडलं की यापुढे वस्तू नकोत, छतावर सोलर पाहिजे. एका माजी विद्यार्थ्याने पॅनल दिले, इन्व्हर्टर गावाने घेतला. बॅटरीचं पाणी बघायचं काम सातवीच्या दोघांकडे दिलंय, त्याची नोंदवही ठेवली आहे. काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागणार, म्हणून ग्रामपंचायतीच्या आराखड्यात त्यासाठी वेगळी तरतूद करून घेतोय. ज्यांच्या शाळेत हे आधी झालंय त्यांनी ठराव कसा लिहिला ते इथे टाकावं, आमची ग्रामसभा पुढच्या महिन्यात आहे.