तिकिटावरची किंमत खरी नाही, वेळही खरी नाही

गंगापूररोडकर
रविवारी घरच्यांसाठी मोबाईलवरून सिनेमाची चार तिकिटं काढली. सुरुवातीला एका तिकिटाचे २२० रुपये दिसत होते. पैसे भरायच्या पानावर गेलो तर प्रत्येक तिकिटामागे सुविधा शुल्क, त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, आणि खाली कुठल्याशा संस्थेला देणगी आधीच जोडून ठेवलेली. देणगी काढून टाकता आली, शुल्क येत नाही. आणि ते तिकिटागणिक का? व्यवहार एकच झाला ना?

पुढचं जास्त संतापजनक. खेळ पावणेसातचा, सिनेमा सुरू झाला सात वाजून गेल्यावर. तोवर दागिने, फ्लॅट, गाड्या. तंबाखूविरोधी सूचना नियमाने दाखवाव्याच लागतात, ट्रेलरचंही समजू शकतो. पण माझ्याकडून पैसे घ्यायचे आणि माझाच वेळ जाहिरातदाराला विकायचा, हे मला मान्य नाही. मध्यंतरात पुन्हा तेच.

बंगळुरूत डिसेंबर २०२३ मध्ये एका प्रेक्षकाचा ४.०५ चा सिनेमा ४.३० ला सुरू झाला. तो ग्राहक आयोगात गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्याला २०,००० रुपये भरपाई आणि ८,००० रुपये खर्च द्यायला सांगितलं, वर चित्रपटगृहाला एक लाखाचा दंड ठोठावला. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने या आदेशाला स्थगिती दिली, तरी त्या प्रेक्षकाने उचललेला प्रश्न रास्तच आहे.

द्वारका सर्कल
शुल्काला लूट म्हणणं मला पटत नाही. राज्य सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून हे शुल्क बंद करायला सांगितलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ते आदेश रद्द केले. त्यांना कायद्याचा आधार नव्हता आणि धंदा करण्याच्या मूलभूत हक्कावर गदा येत होती. घरबसल्या खुर्ची निवडता, रांग वाचते, जाण्यायेण्याचं पेट्रोल वाचतं. ही सेवा चालवायला माणसं लागतात, यंत्रणा लागते. नको असेल त्याने खिडकीवर तिकीट काढावं.

सिडकोची वाचक
दादा, खिडकीवर शेवटचे कधी गेला होतात? मी वडिलांना घेऊन गेले होते. खिडकी बंद, आणि शेजारी पॉपकॉर्न देणारा मुलगा म्हणाला, "मोबाईलवरूनच काढा ना मॅडम." वडिलांकडे साधा फोन आहे. त्यांच्यासारख्यांना एकट्याने सिनेमाला जायचं असेल तर काय करायचं? सक्ती नाही हे कागदावर ठीक आहे.

मेनरोडचा दुकानदार
जाहिरातींची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. माझं कापडाचं दुकान आहे. लग्नसराईच्या आधी मी पडद्यावर जाहिरात देतो, कारण तिथे घरचे सगळे एकत्र बसलेले असतात आणि खरेदीचं तिथल्या तिथे ठरतं. आठवड्यातल्या सकाळच्या खेळाला मूठभर लोक असतात. एसी, वीज, पगार नुसत्या तिकिटांवर कसे निघतील? जाहिराती बंद केल्या तर तिकीट महागेल.
मात्र एक कबूल करतो. वीस मिनिटांच्या भाऊगर्दीत माझे दहा सेकंद कोणी बघत नाही, सगळे मोबाईलमध्ये असतात. वेळ कमी केली तर आमच्यासारख्या लहान जाहिरातदारांचाही फायदाच आहे.

पंचवटीकर
मुंबई नाक्याच्या कोंडीतून धडपडत पोचणाऱ्याला जाहिरातींमुळेच सिनेमाची सुरुवात मिळते. राहू द्या त्या.

नाशिकरोडची प्रवासी
आणि वेळेवर येणाऱ्याने काय करायचं? मला सिटीलिंकची शहर बस पकडून परत जायचं असतं. सिनेमा अडीच तासांचा म्हणून हिशेब करून निघते आणि शेवटची बस डोळ्यांदेखत जाते. मग रात्री रिक्षावाला सांगेल ते भाडं. सिनेमा खरा कधी सुरू होणार एवढं सांगितलं असतं तर मी आधीचा खेळ घेतला असता.

कॉलेजरोडचा वकील
दोन गोष्टींची गल्लत होतेय. मुंबई उच्च न्यायालयासमोर प्रश्न होता की सरकारला शुल्कावर बंदी घालता येते का. शुल्क शेवटपर्यंत झाकून ठेवावं, असं त्या निकालात कुठेही नाही. उलट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक सूचना काढल्या. सुरुवातीला कमी किंमत दाखवून ती शेवटी वाढवणं आणि न विचारता देणगी जोडणं, दोन्हींना त्यात मनाई आहे. पानांचे फोटो काढून ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे फी नाही.

गंगापूररोडकर
धन्यवाद वकीलसाहेब, फोटो आहेत, तक्रार करतोच. चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकालाही पत्र लिहितोय. त्यात दोनच मागण्या: पहिल्याच पानावर सगळं धरून एकूण रक्कम दाखवा, आणि तिकिटावर खेळाच्या वेळेबरोबर मूळ सिनेमा सुरू होण्याची वेळ छापा. शुल्क किती घ्यावं यावर माझा आणि द्वारकावाल्यांचा वाद राहीलच.

द्वारका सर्कल
पहिल्या मागणीवर माझी सही घ्या. किंमत लपवायचं समर्थन मी केलेलं नाही. दुसरीवर नाही करणार. वेळ छापली की लोक नेमके तेव्हाच येतील, आणि अंधारात खुर्च्या शोधणाऱ्यांचा त्रास वेळेवर बसलेल्यांनाच होईल.