चीनच्या परदेशी संस्थांविषयीच्या कायद्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. चीनमध्ये काम करणाऱ्या परदेशी स्वयंसेवी संस्थांवरील कायद्याचा त्या देशाच्या परराष्ट्र संबंधांवर काय परिणाम झाला, याविषयी मी एक लेख लिहीत आहे. एप्रिल 2016 मध्ये संमत झालेला आणि 1 जानेवारी 2017 पासून लागू झालेला हा कायदा अशा संस्थांची नोंदणी नागरी व्यवहार खात्याऐवजी सार्वजनिक सुरक्षा मंत्रालयाकडे, म्हणजे सरळ पोलिसांकडे, सोपवतो. शिवाय कार्यालय उघडायचे तर जबाबदारी घेणारी एखादी चिनी सरकारमान्य संस्था पाठीशी असावी लागते. हाँगकाँग, मकाव आणि तैवानमधील संस्थाही यात ‘परदेशी’च ठरतात, हे मला विशेष बोलके वाटते.

माझी अडचण कलम 53 ची आहे. शाळा, रुग्णालये आणि नैसर्गिक विज्ञान व अभियांत्रिकीच्या संशोधन संस्था यांच्या देवाणघेवाणीला त्यात सवलत आहे. मग परदेशी विद्यापीठाने चिनी विद्यापीठासोबत कामगार हक्कांवर परिसंवाद घेतला, तर तो सवलतीत बसतो की त्याला तात्पुरत्या उपक्रमाची, म्हणजे चीनमध्ये कार्यालय न उघडता केलेल्या कामाची, नोंद करावी लागते? प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी किंवा चिनी मूळ पाठ वाचता येणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.